डोकं फिरलं की आधी अंग शांत करायचं, डोकं नंतर: पायरी पायरीने

आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि कधी येईल त्याचा नेम नाही, सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मागच्या महिन्यात रात्री अडीचला पाणी आलं, उठून बघतो तर नळाला धार करंगळीएवढी, कारण शेजाऱ्यांनी डायरेक्ट लाईनला मोटर लावलेली. मी त्यांच्या गेटवर गेलो, "काय बे, बाकीच्यांनी काय करायचं?" इथून सुरू झालं आणि नको ते बोलून गेलो. भांडण दहा मिनिटात मिटलं पण माझे हात थरथरायचे थांबेनात, आडवा झालो तर साडेचारपर्यंत डोळा लागला नाही. तेव्हापासून अंगात नेमकं काय होतंय ते वाचायला लागलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, आणि जे खरंच कामाला आलं ते लिहितोय.

पहिली पायरी, अंगात काय होतंय ते एकदा समजून घ्या.

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाएवढा अमिग्डाला नावाचा भाग असतो. धोका वाटला की तो आधी घंटी वाजवतो, विचार करणारा पुढचा मेंदू मागून येतो. घंटी वाजली की हायपोथॅलॅमस नसांमधून थेट किडनीवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना निरोप देतो आणि काही सेकंदात अॅड्रिनालिन रक्तात उतरतं. लढायची नाहीतर पळायची तयारी, वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास हे मांडलं. आता गंमत बघा, आपल्या आज्या-पणज्यांनी हे सगळं बोलण्यात आधीच पकडलेलं आहे. छातीत धस्स झालं, म्हणजे हृदयाचा ठोका जोरात पडला. पोटात गोळा आला, म्हणजे आतड्यांकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळलं आणि पचन थांबलं. तोंडचं पाणी पळालं, तर खरंच लाळ कमी होते. अंगावर काटा आला, ते प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीक स्नायू आवळल्यामुळे. घाम फुटतो तोही अंग तापायच्या आधीच गार ठेवायला. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण आपण वेडेबिडे नाही, शरीर त्याचं काम करायलंय.

मग भांडण मिटल्यावरही अंग शांत का होत नव्हतं? कारण अॅड्रिनालिनच्या मागून दुसरा गडी येतो, कॉर्टिसॉल. हा हळू येतो, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीमार्फत, आणि ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी रक्तात सगळ्यात जास्त असतो, नंतर उतरायलाही वेळ घेतो. म्हणजे भांडण मिटलं तरी रक्तातलं भांडण चालूच. त्यामुळे निदान तासभर तरी कुठलाही निर्णय नाही, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मेसेज नाही, कुणाला फोन नाही. हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय.

दुसरी पायरी, आपली पहिली खूण शोधा. प्रत्येकाची वेगळी असते. माझे कान गरम होतात, बायकोचा गळा दाटतो, आमच्या आईचं डोकं मागून जड होतं. खूण कळली की लाट वर चढायच्या आत हातात अर्धा मिनिट तरी मिळतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात पुढची पायरी करायची.

तिसरी पायरी, श्वास, पण घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष. लोक सांगतात खोल श्वास घे, आणि माणूस घाईघाईने भसाभस घेत सुटतो, त्याने उलट चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास आत घेताना हृदय जरा पळतं आणि सोडताना हळू होतं, हे व्हेगस नावाच्या लांबलचक नसेमुळे. म्हणून चार मोजत नाकाने आत, सहा किंवा आठ मोजत सावकाश बाहेर, असं दोन-तीन मिनिटं. जमत नसेल तर मोजणं सोडा, नुसतं लांब सोडा.

चौथी, अंगाला काम द्या. लिव्हरने रक्तात साखर सोडलेली असते ती पळण्यासाठी, आणि आपण पलंगावर पडून छताकडे बघतो. जिना चढा-उतरा, गच्चीत फेऱ्या मारा, बादल्या वर न्या. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने जोरात चालून आलं तरी चालतं, फक्त उन्हाळ्यात दुपारी नको, चाळीसच्या वर पारा असताना नुसत्या उन्हानेच ठोके वाढतात आणि ते ताणाचे का उन्हाचे ते कळत नाही.

पाचवी, भावनेला नीट नाव द्या, आणि ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसलं की छाती धडधडते, इंटरव्ह्यूच्या बाहेर बाकड्यावर बसलं तरी तशीच धडधडते. अंग बऱ्यापैकी सारखंच वागतं, मेंदू आजूबाजूला बघून ठरवतो की ही मजा आहे का भीती. म्हणून "टेन्शन आलंय" एवढ्यावर थांबू नका. चीड आहे, अपमान झालाय, धास्ती आहे, हुरहूर आहे का नुसती घालमेल? ज्या भाषेत तुम्ही रडता त्या भाषेत नाव द्या, घरी तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत, कन्नड असेल तर कन्नडमध्ये. नाव दिलं की पुढचा मेंदू कामाला लागतो आणि अमिग्डालाची घंटी थोडी हळू होते. मला त्या रात्री राग आला असं वाटलं होतं, दोन दिवसांनी कळलं की खरी भीती होती, घरात म्हातारी आई आणि टाकी रिकामी.

झोप आणि खाणं यावर थोडक्यात. उपाशी पोटी साखर उतरली की शरीर तेच अॅड्रिनालिन सोडतं, म्हणून सकाळी नुसत्या चहावर निघू नका, कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल तर दोन घास खाऊनच निघा. रात्री आठनंतर चहा बंद, कॅफिन निम्मं व्हायलाच पाच तासांच्या आसपास लागतात.

सहावी, बोलायचं ते अंग गार झाल्यावर. मी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजाऱ्यांकडे गेलो, आधी माफी मागितली, मग आईचं आणि टाकीचं सांगितलं. आता पाणी आल्यावर पहिला अर्धा तास ते मोटर लावत नाहीत.

आणि हे सगळं करूनही दोन-दोन आठवडे झोप नाही, रडू येतंय, कशात मन लागत नाही, तर डॉक्टरकडे जा. थायरॉईड वाढलं तरी धडधड आणि थरथर होते, साध्या रक्ततपासणीत कळतं. छातीत दाबल्यासारखं होऊन कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जायला लागली तर टेन्शन असेल म्हणून थांबू नका, १०८ ला फोन. आणि जगणंच नको वाटायला लागलं, किंवा कुणाशी बोलावं तेच कळेना, तर टेली मानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री अडीचलाही लागतो.