अपघाताच्या दाव्यात पहिला केसपेपर

मी अनेक वर्षं विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासले. फाइल आली की बिलं, वकिलाची नोटीस बाजूला ठेवून आधी दवाखान्याचा पहिला केसपेपर शोधायचे. त्यावर नुसतं 'पाठदुखी' असलं की आमचं काम सोपं. 'कामावर शिडीवरून पडून पाठीला मार' असं असलं की दावा नाकारणं अवघड. म्हणून कुठे, कधी, काय करताना लागलं हे डॉक्टरांना सांगा, आणि त्यांनी ते लिहिलंय का हे तिथेच वाचून बघा. जुनं दुखणं असेल तर तेही सांगा. लपवलेलं आम्हाला जुन्या कागदांत सापडायचंच, मग खऱ्या जखमेवरही शंका यायची.

मालकाला लेखी कळवा, सुपरवायझरने डोळ्यांनी पाहिलं असलं तरी. कळवण्याची मुदत आणि दावा दाखल करण्याची मुदत वेगवेगळ्या असू शकतात. दोन्ही आपल्या कायद्यात बघून घ्या. यंत्राचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण यंत्रावरचं तुटलेलं संरक्षक गार्ड दुसऱ्या दिवशी नवं बसलेलं असतं.

आता दावा कोणता, हा प्रश्न. कामगार भरपाईत, म्हणजे कामावर लागलं म्हणून मालकाकडून किंवा त्याच्या विम्यातून मागायच्या पैशांत, चूक कोणाची हे सहसा बघत नाहीत. जर्मनीत १८८४ साली आणि ब्रिटनमध्ये १८९७ साली असे कायदे झाले, पुढे ते जगभर पसरले. मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही; पण मिळतं ते उपचाराचा खर्च, बुडालेल्या पगाराचा ठरावीक हिस्सा आणि अपंगत्वाची रक्कम. सोसलेल्या वेदनेचे पैसे त्यात बहुधा नसतात, आणि बऱ्याच ठिकाणी मालकावर वेगळा खटलाही भरता येत नाही.

वैयक्तिक इजेच्या दाव्यात, म्हणजे ज्याच्या चुकीने लागलं त्याच्यावर केलेल्या दाव्यात, वेदनेचीही भरपाई मागता येते, मात्र समोरच्याचा निष्काळजीपणा तुम्हालाच सिद्ध करावा लागतो. तुमचीही थोडी चूक निघाली तर रक्कम कापली जाते. (न्यूझीलंडने १९७४ पासून असे बहुतेक खटलेच बंद करून सगळ्यांसाठी एकच योजना आणली. मला ते शहाणपणाचं वाटतं.)

काही वेळा दोन्ही वाटा खुल्या असतात. माल पोहोचवायला निघालेल्या ड्रायव्हरला तिसऱ्याच गाडीने उडवलं, तर कामगार भरपाई मिळते आणि त्या गाडीवाल्यावर दावाही करता येतो. दोन्हीकडून पूर्ण पैसे मात्र मिळत नाहीत. कामगार भरपाई देणारा आपला वाटा गाडीवाल्याकडून मिळालेल्या पैशांतून परत मागू शकतो, तेव्हा तडजोडीआधी हिशेब मांडा.

तडजोडीचा पहिला आकडा लवकर येतो, कारण तेव्हा जखमीला पैशांची निकड असते. आम्हीही तो लवकरच पाठवायचो. प्रकृती आता जितकी सुधारायची तितकी सुधारली, असं डॉक्टर सांगेपर्यंत 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या कागदावर सही करू नका. पुढे शस्त्रक्रिया लागली तर ती फाइल सहसा पुन्हा उघडत नाही. पगाराच्या स्लिपा देताना ओव्हरटाइमच्या विसरू नका. बुडालेल्या पगाराबद्दल मिळणारी रक्कम बऱ्याचदा त्यावरूनही ठरते.

विमा कंपनीतून फोन आला आणि 'आता कसं वाटतंय?' असं विचारलं, तर सवयीने 'बरं आहे' म्हणू नका. ते नोंदलं जातं.