खेळाडूंची प्रगती न पुसता गेम अपडेट कसा सोडावा

सगळ्यात जास्त वेळ सेव्ह फाइलला द्या, म्हणजे खेळाडूची प्रगती साठते त्या फाइलला. गोडो या गेम इंजिनमध्ये गेम बनवत असाल, तर सेव्हच्या डिक्शनरीत (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या यादीत) पहिल्याच दिवसापासून आवृत्तीचा आकडा ठेवा. नव्या आवृत्तीत नाण्यांची नोंद आली, की जुन्या फाइलमध्ये ती नसते. थेट वाचायला गेलात तर कोड तिथेच अडतो. म्हणून डिक्शनरीचं 'गेट' हे फंक्शन वापरा आणि नोंद नसल्यास घ्यायची किंमत सोबत द्या. प्रगती लेव्हलच्या क्रमांकाने साठवू नका, प्रत्येक लेव्हलला न बदलणारं नाव द्या. मध्ये एखादी लेव्हल घुसवली की क्रमांक सरकतात आणि खेळाडूने जिंकलेली लेव्हल पुन्हा कुलूपबंद होते. याइतकं खेळाडूला काहीच लागत नाही.

मग फोनवर जुनी आवृत्ती टाकून चार लेव्हल खेळा आणि तिच्यावरच नवी चढवा. अनइन्स्टॉल केलंत तर सेव्हही जाते, चाचणी वाया. दोन्ही बिल्ड (एक्सपोर्ट केलेल्या गेम फाइल) एकाच कीस्टोअरने, म्हणजे सहीची किल्ली ठेवणाऱ्या फाइलने, साइन केलेल्या हव्यात; एक डीबग (चाचणीची), दुसरी रिलीज (प्रकाशनाची) असेल तर अँड्रॉइड नवी घेतच नाही.

एक्सपोर्ट करताना व्हर्जन कोड (अँड्रॉइड नवी-जुनी आवृत्ती ज्यावरून ओळखतं तो आकडा) किमान १ ने वाढवा.

प्ले कन्सोलवर, म्हणजे गूगल प्लेच्या डेव्हलपर पानावर, एएबी फाइल (प्लेवर चढवायचं गेमचं पॅकेज) आधी २० टक्के खेळाडूंना सोडा, दोन दिवस क्रॅश पाहा. रोलआउट, म्हणजे असं टप्प्याटप्प्याने सोडणं, थांबवता येतो, पण फोनवर पोचलेली आवृत्ती मागे घेता येत नाही. दुरुस्ती वाढीव व्हर्जन कोडनेच पाठवावी लागते. खेळाडू मोजकेच असतील तर ५० टक्क्यांपासून सुरुवात करा, नाहीतर बग कुणालाच दिसणार नाही.