चाप ओढला की छर्रा सुटावा म्हणून: गिअरबॉक्स उघडण्याआधीची तयारी

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारायचा खेळ. त्यातल्या इलेक्ट्रिक बंदुकीचा चाप जलद करायचा असेल तर तिचा गिअरबॉक्स उघडावा लागतो. तो खेळाच्या आदल्या रात्री उघडू नका. मधे एक पूर्ण शनिवार-रविवार मोकळा ठेवा, टेबलावर पांढरी चादर पसरा म्हणजे बारीक शिमा (गिअरखालच्या पातळ चकत्या) दिसतील, आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो काढत चला.

पण त्याही आधी आपली बंदूक आत्ता किती उशीर लावते ते मोजा. तोक्यो मारुईने १९९१ साली फामास रायफलीच्या रूपातली पहिली इलेक्ट्रिक बंदूक काढली, तेव्हापासून रचना मूळची तीच आहे: चाप ओढला की मोटर फिरू लागते, तीन गिअर पिस्टनला मागे ओढतात, स्प्रिंग दाबली जाते, शेवटचा दात सुटतो आणि मग छर्रा. हा सगळा वेळ मोजायला फोन पुरतो. नळीच्या तोंडावर टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवा, मॅगझिन काढा, चाप आणि कागद एका चौकटीत येतील असा २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलीसेकंद. चाप मागे टेकल्यापासून कागद हलेपर्यंतच्या फ्रेम मोजून लिहून ठेवा. मॅगझिन काढलेलं असलं तरी डोळ्यांवर गॉगल हवाच.

आता विजेची वाट. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, महागडी मोटर घेऊन नव्हे. ७.४ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ दाखवते, ११.१ ची १२.६. ११.१ लावली की फरक पहिल्याच चापाला कळतो, पण मूळ ट्रिगर कॉन्टॅक्टवर ती थेट लावू नका. मी लावली होती. काही रविवार मजेत गेले, मग माझी एम-४ तीन चापांतून एकदाच उडू लागली. गिअरबॉक्स उघडला तर कॉन्टॅक्टची तांब्याची टोकं काळी पडलेली, त्यांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे, शेजारचं प्लास्टिक किंचित वितळलेलं. मोटरचा प्रवाह तुटताना दर वेळी तिथे ठिणगी पडते. मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवला की मोटरचा जड प्रवाह त्यातून जातो आणि कॉन्टॅक्टला फक्त इशारा द्यायचं काम उरतं. म्हणून ११.१ च्या आधी मॉस्फेट घ्या. सोबत १६ गेजची मऊ वायर, आणि छोट्या तामिया कनेक्टरच्या जागी डीन्स जातीचा कनेक्टर. बॅटरीचा कनेक्टर बदलताना दोन्ही वायर एकदम कापू नका. एक कापा, डाख द्या, श्रिंक ट्यूब चढवा, मगच दुसरीला हात लावा. एकाच वेळी दोन उघडी टोकं टेकली तर लायपो पेट घेऊ शकते.

चापाचा रिकामा प्रवासही कमी करता येतो. मागे सेट स्क्रू असलेला ट्रिगर मिळतो, नाहीतर मूळ ट्रिगरच्या मागे प्लास्टिकचा छोटा तुकडा चिकटवला तरी चालतं. नंतर सेफ्टी नीट अडकते ना, हे मात्र दहा वेळा तपासा.

उघडताना बॅटरी बाहेर, मॅगझिन बाहेर. मोटर काढल्यावर पातळ पेचकसाने अँटी-रिव्हर्सल लॅच (गिअर उलटे फिरू न देणारी खिटी) बाजूला करा. गिअर गर्रकन उलटे फिरतात आणि अर्धवट दबलेली स्प्रिंग सैल होते. हे न करता कवच उघडलं तर स्प्रिंग गाइड तोंडावर येतो.

शिमिंगला वेळ द्या, कारण घासणारा गिअर कितीही चांगल्या मोटरची ताकद खातो. ०.१ पासून ०.५ मिलिमीटरपर्यंतच्या शिमांचा एक डबा पुरतो. आधी मोटरच्या पिनियनशी (टोकाच्या छोट्या गिअरशी) जुळणारा बेव्हल गिअर बसवा, मग बाकीचे दोन. स्प्रिंग-पिस्टन न घालता स्क्रू पूर्ण आवळा आणि बोटाने गिअर फिरवा. टिचकी मारल्यावर तो थोडा वेळ आपला आपण फिरत राहिला पाहिजे, आणि वरखाली हलवल्यावर हालचाल जेमतेम जाणवली पाहिजे. स्क्रू आवळल्यावर अडला, तर एक शिम काढा. दातांना लिथियम ग्रीसचा पातळ हात, पिस्टनच्या ओ-रिंगला सिलिकॉन.

मोटर आता. निओडायमियम चुंबकाची, टॉर्कवाली घ्या. गिअर १८:१ चेच ठेवा, म्हणजे मोटरच्या साधारण १८ फेऱ्यांना शेवटच्या गिअरची एक. १३:१ त्यानंतर, तेही स्प्रिंग हलकी असेल तर.

स्प्रिंगचं म्हणाल तर जड स्प्रिंग चाप मंदावते. इथे ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकला १.३ जूलची मर्यादा आहे, म्हणजे ०.२० ग्रॅम छर्ऱ्याला सेकंदाला ११४ मीटर. त्या मर्यादेपलीकडे बंदूक कायद्याने एअरसॉफ्ट राहत नाही. एम-१०० क्रमांकाची स्प्रिंग पुरेशी होते. तरी काम झाल्यावर क्रोनोवर (छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा छर्रे मोजा, मगच मैदानात न्या.

मॉस्फेटमध्ये प्रीकॉकिंग, म्हणजे पुढच्या छर्ऱ्यासाठी स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं, चालू केलंत तर चाप सर्वांत जलद होतो, पण पिस्टन मागे दबूनच थांबतो. खेळ संपला की मॅगझिन काढा, सुरक्षित दिशेला उडवून नळी रिकामी करा, मॉस्फेटच्या सेटिंगमधून स्प्रिंग सोडवा आणि मगच बॅटरी काढून बॅगेत ठेवा. घरी आल्यावर तोच टिश्यू पेपर पुन्हा लावा आणि फ्रेम मोजा.