व्ह्यूजचा अंदाज चुकतो कुठे? या चुका टाळा

पहिल्या काही तासांचे आकडे बघून एखादा लेख किंवा व्हिडिओ महिनाभरात कुठवर जाईल, हे सांगता येतं का? बऱ्याच अंशी येतं. गाबोर साबो आणि बर्नार्डो ह्यूबरमन या संशोधकांनी डिग (वाचकांच्या मतांवर बातम्या वर आणणारी साइट) आणि यूट्यूब यांच्या आकड्यांवरून ते दाखवलं. त्यांचा शोधनिबंध २०१० मध्ये छापून आला. तरीही अंदाज सपशेल आपटतात. माझ्या मते दोष बहुतेकदा मॉडेलचा, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या सूत्राचा, नसतो, मोजणीचा असतो.

सगळ्याला एकच मुदत लावणे

तिसाव्या दिवसाचा अंदाज बांधायला डिगवरच्या बातम्यांसाठी २ तासांचे आकडे पुरले. तितक्याच अचूकतेसाठी यूट्यूबवर १० दिवस थांबावं लागलं. बातमी शिळी होते. व्हिडिओ मात्र सर्च आणि शिफारशींमधून पुन्हा पुन्हा वर येत राहतो. बातम्या आणि ‘कसे करावे’ छापाचे व्हिडिओ एकाच मॉडेलमध्ये कोंबले, तर दोन्हींचे अंदाज बिघडतात.

भिंतीवरचं घड्याळ धरणे

पहाटे तीनला टाकलेल्या पोस्टचे पहिले दोन तास आणि रात्री नऊच्या पोस्टचे दोन तास सारखे कसे? डिगच्या अभ्यासात वेळ मोजायला साइटवर एकूण किती मतं पडली हेच माप धरलं होतं. तुमच्याकडे साइटची एकूण वर्दळ उपलब्ध असेल तर तेच करा. नसेल तर निदान प्रकाशनाच्या वेळेनुसार पोस्टचे गट पाडा.

सरळ बेरजेत विचार करणे

लोकप्रियता गुणाकाराने वाढते. म्हणून सुरुवातीचे आणि नंतरचे आकडे लॉग (लॉगॅरिदम) घेऊन मांडले की संबंध बराचसा सरळ रेषेत दिसतो. मात्र लॉगमधला अंदाज परत साध्या आकड्यात आणताना एक गोम आहे: नुसता उलटा घातांक घेतला (म्हणजे लॉग उलटवला) की हाती साधारण मध्यक (निम्मे आकडे ज्याच्या खाली असतात तो) येतो, सरासरी नव्हे, आणि एकूण बेरीज कमी भरते. सर्व्हरची क्षमता किंवा जाहिरातीचा हिशोब त्यावर बेतायचा असेल तर अंदाज त्या मानाने वर उचलायला विसरू नका.

आधीच माहीत असलेल्याचं श्रेय घेणे

ही सर्वांत फसवी चूक. समजा, दहाव्या दिवशी ८,००० व्ह्यूज आहेत, तिसाव्या दिवशी १०,००० झाले आणि तुम्ही ९,५०० सांगितले होते. चूक फक्त ५ टक्के! पण ८,००० तर हातातच होते. नवे २,००० यायचे होते आणि तुम्ही १,५०० म्हणालात, म्हणजे खरी चूक २५ टक्के. ‘आमचं मॉडेल ९५ टक्के अचूक’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारा: आधीच हातात असलेले आकडे धरून का? चाचणी नेहमी फक्त पुढच्या वाढीवर घ्या.

गाजलेल्याच पोस्ट निवडून मॉडेल शिकवू नका, हे वेगळं सांगायला नको. न चाललेल्या पोस्टही त्यात हव्यातच.

प्रकाशनाआधीच भाकीत करणे

साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांच्या २००६ मधल्या प्रयोगात तीच ४८ गाणी आठ स्वतंत्र गटांपुढे ठेवली होती. इतरांनी काय डाउनलोड केलं हे दिसू लागताच प्रत्येक गटात वेगळी गाणी वर गेली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार सहसा शिखरावर पोचली नाहीत. मधल्यांचं काहीही झालं. मजकुराच्या गुणांवरून नेमका आकडा सांगणाऱ्या साधनावर पैसे घालवण्याआधी याचा विचार करा.

चालता अंदाज अचानक बिघडला तर

आधी मोजणीची व्याख्या, म्हणजे ‘व्ह्यू’ कशाला धरायचं हे, बदललं का ते तपासा. मग वाचक कुठून आले ते बघा. बाहेरून, म्हणजे एखाद्या मोठ्या खात्याने शेअर केल्याने, आलेली लाट एकदम चढते आणि लवकर ओसरते. तोंडोतोंडी पसरलेला मजकूर हळू चढतो आणि उतरतोही हळू. पहिल्या प्रकारात उसळीचे तास वगळून, लाट ओसरल्यानंतरच्या आकड्यांवर अंदाज नव्याने बांधा.