लग्नात लाइव्ह अर्कचित्रं काढताय? या चुका टाळा

सांगलीतल्या कार्यालयांत लग्न, बारसं, साठीशांत अशा कार्यक्रमांना मी समोर बसलेल्या माणसाचं अर्कचित्र काढून देतो. नवी मुलं शिकायला सोबत येतात. त्यांचा हात चांगला असतो, तरी चित्र फसतं.

सगळ्यात जास्त फसतं ते साम्य. बहुतेक जण डोळ्यांपासून सुरुवात करतात, पापण्या काढत बसतात आणि मग हनुवटीला कागदावर जागा उरत नाही. आधी डोक्याचा एकंदर आकार टाका: लांबट, चौकोनी, खाली निमुळता. मग डोळे, नाक, ओठ यांच्यामधली अंतरं बघा. ओळख या अंतरांत असते. नाक मोठं आहे म्हणून नुसतं नाक वाढवलं तर ते कुणाचंही नाक होतं. नाकाखालचा भाग लांब असेल तर तो वाढवा आणि तेवढंच कपाळ कमी करा, की माणूस उमटतो. फेटा असेल तर कपाळ झाकलेलं असतं, सगळा भार भुवया, गाल आणि मिशीवर येतो. तिथं घाई नको.

दुसरं, लोक समोर बसले की फोटोला हसतात तसं हसतात. तो चेहरा त्यांचा नसतो. त्यांना बोलतं करा. तासगावकडचे एक आजोबा ताठ बसले होते. "आजोबा, ऑक्टोबर छाटणी कधी घेतली?" एवढंच विचारलं. डावी भुवई वर गेली, ओठ एका बाजूला सरकले आणि द्राक्षबागेचा सगळा हिशोब सुरू झाला. मी ती भुवई धरली. चित्र बघून नात ओरडली, "आमचे आप्पा!"

आता जी चूक मला अजून टोचते ती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजच्या मुलीचे पुढचे दात मी मोठे काढले. मैत्रिणी खूप हसल्या. तीही हसली, पण तोंडावर हात ठेवून. कार्यक्रम संपल्यावर तो कागद मला खुर्चीखाली सापडला. तेव्हापासून दात, तिरळेपणा, व्रण, वजन यांना मी हात लावत नाही. टक्कलसुद्धा समोरच्यानं स्वतः विषय काढला तरच. केस, भुवया, बसण्याची ढब, चष्मा सावरायची लकब यांत वाढवायला भरपूर असतं. अर्क काढायचा म्हणजे माणसातलं खास ते काढायचं, त्याचं व्यंग नाही.

वेळेचा हिशोब आधीच बोलून घ्या. काळ्या-पांढऱ्या चित्राला पाच मिनिटं धरली तर तासाला दहा-बारा चेहरे होतात. जोडपं म्हणजे दोन चेहरे. तीन तासांत पाचशे पाहुणे होणार नाहीत, हे यजमानांना फोनवरच सांगा. दर तासाच्या हिशोबानं ठरवा, चित्रागणिक नको. अक्षता पडल्या की सगळे पंगतीला जातात, तुमच्यासमोर कुणी नसतं. जेवणं झाली की एकदम झुंबड उडते. म्हणून नंबराच्या चिठ्ठ्या द्या आणि संपायच्या अर्धा तास आधी चिठ्ठ्या बंद करा. नाहीतर शेवटी ताटकळलेली मावशी नाराज होऊन जाते, आणि तिचं बरोबरच असतं.

जागा मागताना उजेड मागा. स्टेजजवळचे रंग बदलणारे दिवे चेहऱ्यावर आले की नाकाची सावलीच कळत नाही. मी बोर्डाला लावायचा छोटा पांढरा दिवा नेतो.

पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि ब्रशपेनची रेघ फुटते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, लागतील तसे चार-पाच बाहेर काढा. हळदीच्या कार्यक्रमाला तर पाण्यानं न पसरणारी शाईच हवी, आणि चित्र झालं की लगेच पाकिटात घालून द्यायचं. कागदावरचा हळदीचा डाग निघत नाही.

लहान मुलांना "हलू नकोस" म्हणू नका, ती आणखी हलतात. मूल आईकडे बघत असेल तेव्हा डोक्याचा आकार घ्या, पेनाकडे बघेल तेव्हा डोळे. झालं की कागद आधी त्याच्या हातात द्या, आईच्या नाही. ते त्या कागदावर बोट ठेवून स्वतःला शोधतं.