ऊझो पिताना बर्फ आधी टाकू नका

ग्रीसला फिरायला जाणार असाल आणि तिथे ऊझो ही तिथली दारू मागवलीत तर एवढं लक्षात ठेवा, आधी ग्लासात ऊझो, मग गार पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी. तिला बडीशेपेसारखा वास येतो तो अ‍ॅनिथोल नावाच्या तेलकट द्रव्याचा, ते अल्कोहोलमध्ये विरघळतं पण पाण्यात नाही, म्हणून पाणी पडलं की पारदर्शक दारू दुधाळ होते (भेसळ वगैरे काही नाही, घाबरू नका). पण नुसत्या ऊझोवर डायरेक्ट बर्फ टाकला तर तेच अ‍ॅनिथोल थंडीने गोठून वर बारीक खडे तरंगायला लागतात आणि मजा जाते. बाटली फ्रीजरमध्ये ठेवायची नाही ती पण याचसाठी, चुकून ठेवलीच आणि खडे दिसले तर बाहेर काढून ठेवा, नॉर्मल टेंपरेचरला परत विरघळतात.

आणि शॉट मारू नका हो, किमान 37.5 टक्के अल्कोहोल असतं, गोडसर चवीमुळे कळत नाही. लेस्वोस बेटावर प्लोमारी गाव ऊझोसाठी फेमस आहे, तिकडे लोक सोबत ऑक्टोपस, सार्डिन, ऑलिव्ह असं थोडंथोडं खात तासन् तास बसतात. मला विचाराल तर भाजलेला ऑक्टोपस बेस्ट.