‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे ऑम्निबस कसे जमवावेत

ऑम्निबस म्हणजे कॉमिकचे बरेच अंक एकत्र बांधलेला जाडजूड खंड. पैशांची आणि मजबूत फळीची सोय झाली आहे, असं धरून चालतो. सगळा स्पायडर-मॅन हवा की एखाद्याच लेखकाचा काळ, तेही ठरवून टाका.

खरी मेख पुढे आहे. ‘पहिल्या खंडापासून ओळीने घेत जा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो कुचकामी आहे. प्रकाशक मार्व्हल दोन तऱ्हेचे ऑम्निबस काढते. काही क्रमांकाचे: पहिल्यात १९६२चा ‘अमेझिंग फँटसी’ मासिकाचा १५वा अंक आणि ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे स्टीव्ह डिटकोने चितारलेले १ ते ३८ अंक, दुसऱ्यात ३९पासून जॉन रोमिटाने चितारलेले. बाकीचे लेखक-चित्रकारांच्या नावाचे. दोन्ही रांगांतून घेत सुटलात तर तेच अंक दोनदा घरात येऊ शकतात. म्हणून खंडाचा आकडा विसरा, आत कोणते अंक आहेत ती ओळ वाचा.

तीही नीट वाचा. मला सर्वांत जास्त वेळ इथेच लागला. ही मालिका १९९८ला ४४१व्या अंकावर थांबवली आणि १९९९ला पुन्हा १पासून सुरू केली. नव्या मोजणीचे ५८ अंक झाल्यावर, २००३मध्ये, जुनी मोजणी परत आली: ४४१ अधिक ५८ म्हणजे ४९९, म्हणून पुढचा अंक थेट ५००. पुढेही मोजणी पुन्हा १पासून सुरू झाली आहे. त्यामुळे ‘अंक ३०’ एकच नाही: एक १९६५चा डिटकोचा, दुसरा २००१चा, स्ट्राझिन्स्कीने लिहिलेला, आणि नंतरचेही आहेत. मालिका सुरू झाल्याचं वर्ष १९६३, १९९९ की त्यानंतरचं, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर गोलमाल आलं तर सोडून द्या. अंकांचा तक्ता वहीत हाताने लिहा आणि तो बघितल्याशिवाय एकही खंड मागवू नका.

शिवाय नुसत्या ‘अमेझिंग’वर भागत नाही. १९८७ची क्रॅव्हन या खलनायकाची गाजलेली कथा सहा भागांत, तीन वेगवेगळ्या मासिकांत विभागलेली आहे. तक्त्यात तिच्यासाठी वेगळा रकाना हवा.

छपाई संपलेल्या खंडासाठी कुणी तिप्पट किंमत मागितली तर थांबा. बरेच खंड पुन्हा छापले जातात. मुखपृष्ठं दोन असली तरी आतला मजकूर एकच, स्वस्त असेल ते घ्या.

नवा खंड मधूनच फाडकन उघडू नका. दोन्ही टोकांकडून थोडी थोडी पानं दाबत मध्यापर्यंत या. मग उभा ठेवा, शेजारी टेकू द्या; आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला कपाट लावू नका.